डायरी कामं वाढवायला नाही, निवडायला! धावपळीच्या दिवसात आधी काय करायचं, ते असं ठरवा

जुलैचा शेवटचा आठवडा. चार दिवसांच्या झडीनंतर सकाळी ऊन पडलंय. समजा, एका शेतकऱ्याचं चार एकर सोयाबीन महिनाभराचं झालंय आणि तण पिकाच्या बरोबरीला आलंय. गोठ्यातली गाय पहाटेपासून हंबरतेय, म्हणजे माजावर आलीय. पीकविम्याची मुदत तीन दिवसांवर आहे. विहिरीवरची मोटार जळालीय. पोराच्या शाळेतून कागदांसाठी निरोप आलाय. लाईट बिल थकलंय. तालुक्याला एक सभा आहे आणि 'गाडीत जागा आहे, चल' म्हणून मित्राचा तिसरा फोन येऊन गेलाय.

हा माणूस पहाटे पाचला उठतो आणि रात्री नऊला टेकतो. दिवसभरात मोटार सोडवून रिवाइंडिंगला टाकली, सभेला जाऊन आला, बिल भरलं, वाटेत खताच्या दुकानात तासभर गेला. दमला. पण कोळपणी राहिली, गाय भरवायची राहिली, विमाही राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस लागला.

त्याला आळशी कोणी म्हणणार नाही. कामं त्याने भरपूर केली. फक्त जी कामं दुसऱ्या दिवशी झाली असती ती आज झाली, आणि जी आजच व्हायला हवी होती ती राहून गेली.

अशा घरात कोणी डायरी आणून दिली, की पहिली चूक ठरलेली असते. पानावर वीस कामं लिहिली जातात. संध्याकाळी सहा झालेली असतात, चौदा शिल्लक. आठ दिवसांत डायरी माळ्यावर जाते. एक ना धड भाराभर चिंध्या! डायरीचा खरा उपयोग वेगळा आहे. दिवसात जास्त कामं कोंबायला ती नसतेच. कोणतं काम आधी, कोणतं नंतर आणि कोणतं करायचंच नाही, हे डोकं शांत असताना ठरवण्याची ती जागा आहे.

ओरडणारी कामं आणि गप्प बसणारी कामं

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांनी १९५४ साली एका भाषणात तातडीचे प्रश्न आणि महत्त्वाचे प्रश्न यांत फरक केला होता. ही मांडणी त्यांनी एका माजी महाविद्यालय प्रमुखाच्या नावाने सांगितली. तातडीचं असतं ते बहुतेक वेळा महत्त्वाचं नसतं आणि महत्त्वाचं असतं ते सहसा तातडीचं वाटत नाही, असा तिचा मथितार्थ. कामं ठरवण्याच्या पुढच्या अनेक पद्धती याच विचारावर उभ्या राहिल्या.

गावाकडच्या भाषेत सांगायचं तर काही कामं ओरडतात आणि काही गप्प बसतात. वाजणारा फोन, दारात आलेला माणूस, व्हॉट्सॲप ग्रुपवरचा 'अर्जंट' मेसेज, जळालेली मोटार ही सगळी ओरडणारी कामं. ती लक्ष वेधून घेतात म्हणून आधी होतात.

पीककर्जाच्या परतफेडीची तारीख ओरडत नाही. लहान लेकराच्या लसीची तारीख ओरडत नाही. बियाण्याची उगवण तपासायचं काम ओरडत नाही. गाय निदान हंबरते, पण म्हशीत 'मुका माज' असतो. लक्ष ठेवलं नाही तर कळतही नाही. या कामांना स्वतःचा आवाज नसतो. डायरी त्यांना आवाज देते, म्हणून ती ठेवायची.

काम निवडण्याचे तीन प्रश्न

यादी समोर आली की प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: आज नाही केलं तर ही वेळ परत येईल का?
लाईट बिल उद्या भरता येतं. वाफसा उद्या असेलच असं नाही. सोयाबीनला पहिले ३० ते ४५ दिवस तणाचा त्रास सगळ्यात जास्त असतो, आणि पीक फुलोऱ्यात आलं की कोळपणी थांबवावी लागते. म्हणजे कोळपणीला मोजकेच दिवस मिळतात, त्यातले निम्मे पावसात जातात. गायीचा माज हुकला तर पुढचा साधारण २१ दिवसांनी. तेवढे दिवस चारापाण्याचा खर्च चालू राहतो आणि पुढचं वेत लांबतं.

दुसरा प्रश्न: नाही झालं तर नुकसान किती, आणि कोणाचं?
सभेला गेलं नाही तर मित्र दोन दिवस रुसेल. विम्याचा अर्ज राहिला तर अख्खा हंगाम संरक्षणाविना जाईल. दोन्हींची शिक्षा सारखी नाही, मग दोन्हींना वेळही सारखा द्यायचा नाही.

तिसरा प्रश्न: हे मीच करायला हवं का?
बिल फोनवरून भरता येतं. शाळेत कागद मोठी मुलगी देऊ शकते. बऱ्याच घरांत कर्त्या माणसाने सगळी कामं स्वतःकडे ठेवलेली असतात आणि तेच कामं अडकण्याचं मोठं कारण असतं.

आधी वर्षाचं पान, मग दिवसाचं

मराठी घरात डायरी नसली तरी भिंतीवर दिनदर्शिका असतेच. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेलं 'कालनिर्णय' असो की बँकेने किंवा कृषी केंद्राने दिलेलं कॅलेंडर, त्यावर दुधाचा हिशोब, गॅस आल्याची तारीख, गाय भरवल्याची खूण लिहायची सवय जुनीच आहे. ही सवय थोडी नीट केली तरी निम्मं काम होतं.

वर्षाच्या सुरुवातीला किंवा हंगामाआधी एका पानावर फक्त मुदतीची कामं लिहावीत. नमुन्यादाखल:

• बियाण्याची उगवण तपासणी, मे महिन्यात. घरचं सोयाबीन बियाणं वापरायचं असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते पाहावं. ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं. पेरणीच्या आदल्या दिवशी हे कळून उपयोग नाही.

• पेरणी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. डायरीत पेरणीची तारीख टाकण्यापेक्षा ही अट लिहून ठेवावी. शेजाऱ्याने तिफण जुंपली म्हणून पेरणारे दुबार पेरणीत अडकतात.

• खरीप पीकविमा. अर्जाची मुदत बहुतेक वर्षी ३१ जुलै असते. त्या वर्षी जाहीर झालेली तारीख पाहून घ्यावी. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत शेतकऱ्याचा हप्ता खरिपात विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीत दीड टक्का आणि नगदी व फळपिकांना ५ टक्के असतो. पानावर मात्र ३१ ऐवजी १५ जुलै लिहावं. शेवटच्या तीन दिवसांत सेवा केंद्रावर रांग असते आणि सर्व्हर रडतो.

• ई-पीक पाहणी. राज्यात ती १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. पेरा सातबाऱ्यावर नोंदला गेला नाही तर पुढे नुकसानभरपाई किंवा सरकारी खरेदीच्या वेळी अडचण येते. खरिपाची नोंद साधारण ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. मुदतवाढ अनेकदा मिळते, पण तिच्या भरवशावर बसू नये.

• पीककर्जाची परतफेड. ३ लाख रुपयांपर्यंतचं अल्पमुदतीचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्यावर व्याजाचा बोजा राहत नाही. मुदत हुकली की सवलत जाते. अनेक सोसायट्यांत ही तारीख ३१ मार्च असते. आपली तारीख गटसचिवाला विचारून लिहावी आणि तिच्या दोन महिने आधी 'पैशाची जुळणी' अशी वेगळी नोंद करावी.

• जनावरं. गाय भरवली त्या दिवशीच तीन नोंदी कराव्यात: २१ व्या दिवशी पुन्हा माज दिसतो का ते पाहणं, ६० ते ९० दिवसांत गाभण तपासणी, आणि विण्याची अंदाजे तारीख. गायीला साधारण २८० दिवस, म्हशीला ३१० च्या आसपास. विण्याआधी दोन महिने दूध आटवायचं असतं, तीही तारीख तिथेच लिहावी.

• घरातली माणसं. बाळाला गोवर-रुबेलाची पहिली लस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत. पेन्शन घेणाऱ्या वडीलधाऱ्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये. बीपी-शुगरच्या गोळ्या संपण्याआधी आठ दिवस. बारावीतल्या मुलाचे जातीचे व पडताळणीचे कागद निकालानंतर धावत करण्यापेक्षा वर्ष चालू असतानाच.

या पानावर बारा-पंधरापेक्षा जास्त नोंदी होत नाहीत, आणि तसंच हवं. ज्या तारखा हुकल्या तर भरून येत नाहीत, तेवढ्याच इथे.

रोजच्या पानावर तीनच कामं

आता रोजचं पान. त्यासाठी महागडी डायरी लागत नाही. शाळेची शंभरपानी वही पुरते. रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं काढावीत. सकाळी नको, कारण सकाळी ओरडणारी कामं आधीच दारात उभी असतात.

पान तीन भागांत करावं. वर 'आधी', आणि त्याखाली तीनच कामं. मधे 'जमलं तर', तिथे दोन-तीन किरकोळ कामं. खाली 'आज नाही', आणि तिथे जी कामं मनाला टोचतायत पण आज करायची नाहीत ती.

हा तिसरा भाग बहुतेक लोक लिहीत नाहीत, आणि त्याचीच सगळ्यात जास्त गरज असते. काम लिहिलं गेलं की ते विसरलं जाईल ही धास्ती जाते. मित्राचा फोन आला तरी 'आज नाही, परवा' हे उत्तर तयार असतं. रात्रीच ठरलेलं असल्याने भीड कमी पडते.

सुरुवातीच्या त्याच शेतकऱ्याचा तोच दिवस असा लिहिता आला असता:

आधी: १) गाय. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करायचं असतं, म्हणून सकाळीच डॉक्टरला फोन. २) कोळपणी. वाफसा आलाय आणि उद्या पुन्हा पाऊस सांगितलाय. ३) विमा. सातबारा, आधार, पासबुक घेऊन पोरगा सेवा केंद्रावर जाईल.

जमलं तर: लाईट बिल फोनवरून. शाळेचे कागद मुलीकडे.

आज नाही: मोटार, कारण चार दिवस पाऊस झालाय आणि पिकाला पाण्याची गरजच नाही. सभा. खताचं दुकान.

एवढी कामं करायला पहाटे तीनला उठावं लागलं नसतं. उलट संध्याकाळी कदाचित तासभर बसायला मिळालं असतं.

पाऊस आला, पान फिस्कटलं, मग?

शेतीत ठरवलेला दिवस जसाच्या तसा पार पडेल याची खात्री नसते. पाऊस येतो, मजूर येत नाहीत, लाईट जाते, भावकीत मयत होते. मग लिहून काय उपयोग, असं अनेकांना वाटतं. त्यावर दोन उपाय आहेत.

एक, वहीच्या शेवटच्या पानावर 'पावसाच्या दिवसाची कामं' लिहून ठेवावीत. अवजारांची दुरुस्ती, बँकेची खेप, पासबुक भरणं, कागदांची फाईल लावणं, मजुरीचा हिशोब. पाऊस लागला की ते पान उघडायचं. नाहीतर असे दिवस पारावर आणि मोबाइलवर जातात, आणि उघडीप मिळाली की नेमकी बँकेची खेप निघते.

दोन, आठवड्यातला निदान एक अर्धा दिवस मुद्दाम कोरा ठेवावा. पाहुणा, आजारपण, मोडतोड यांना जागा लागतेच. सातही दिवस ठासून भरले तर पहिल्याच धक्क्याला सगळं कोलमडतं.

घरातल्या बाईची कामं कोणत्या पानावर?

बऱ्याच घरांत यादी पुरुष करतो आणि निम्मी कामं बाईच्या अंगावर येतात. 'उद्या खुरपायला सहा बायका येणार' एवढं त्याच्या पानावर असतं. पण नळाला पाणी सकाळी एकच तास येतं, त्याच दिवशी बचत गटाची बैठक आणि हप्ता आहे, सासूला दवाखान्यात न्यायचंय आणि लेकराला लस आहे, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग सगळं एकाच सकाळी तिच्यावर कोसळतं. त्यात पहिलं मागे पडतं ते तिचं स्वतःचं: तिची रक्ततपासणी, तिचं दुखणं.

म्हणून पान घराचं असावं, एकट्याचं नसावं. रात्रीच्या दहा मिनिटांत दोघांनी बसावं आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहावं. एकाच नावापुढे पाच कामं दिसली की त्यातलं काय हलवायचं हे तिथेच ठरतं. लिहिता-वाचता येत नसेल त्या घरात शाळेतलं पोर लिहू शकतं. आधीच्या कामाला लाल खूण, आज नाहीला निळी, एवढंही पुरतं.

मोबाइल की वही?

दोन्ही, पण कामं वाटून. तारखेची आठवण मोबाइलला चांगली राहते. २१ वा दिवस, गोळ्या, परतफेड यांचे गजर लावून ठेवावेत. निवड मात्र वहीत करावी. यादी करायला फोन हातात घेतला की ग्रुपवरचे मेसेज दिसतात आणि दहा मिनिटांचा अर्धा तास होतो. कृषी विद्यापीठांच्या दैनंदिनीही मिळतात. त्यांत पीकवार माहिती असते, ती हंगामाआधी वर्षाचं पान तयार करताना उपयोगी पडते.

आठवड्यातून एकदा काटछाट

बाजाराच्या दिवशी किंवा रविवारी मागची सात पानं चाळावीत. जे काम तीन वेळा पुढे ढकललं गेलंय त्याचा निकाल लावावा: उद्याच्या पहिल्या नंबरला घ्यावं, दुसऱ्याला द्यावं, किंवा सरळ खोडावं. खोडणं हीसुद्धा निवडच आहे. 'कधीतरी बांधावर दगड लावायचे', 'कधीतरी जुनं शेड पाडायचं' अशी कामं महिनोन्महिने डोक्यावर ओझं होऊन बसतात. यंदा करायची नाहीत हे एकदा ठरलं की डोकं मोकळं होतं.

वही सगळं सोडवत नाही, हेही खरं. वहीने मजूर मिळत नाहीत आणि पैसाही उभा राहत नाही. रोजंदारीवर जाणाऱ्याला दिवस निवडण्याची मुभा कमीच असते. पण दोन-तीन आठवड्यांच्या पानांवर रोज तेच महत्त्वाचं काम शिल्लक दिसत असेल, तर माणूस कमी पडत नसून कामच हातांपेक्षा जास्त आहे, हे त्यावरून कळतं. मग शेजाऱ्यांशी सावड करायची, एखादं पीक कमी घ्यायचं की एखादं जनावर विकायचं, हा विचार नीट आकडे समोर ठेवून करता येतो. अंगावर काढण्यापेक्षा ते बरं.

आज रात्रीपासून काय करावं?

१. जुनी वही घ्यावी. पहिल्या पानावर पुढच्या तीन महिन्यांतल्या, हुकल्या तर परत न येणाऱ्या तारखा लिहाव्यात.
२. दुसऱ्या पानावर उद्याची तीन कामं, प्रत्येकापुढे नाव.
३. खाली 'आज नाही' लिहून त्यात निदान दोन कामं टाकावीत.
४. शेवटच्या पानावर पावसाच्या दिवसाची कामं.

पहिल्या आठवड्यात तीनपैकी दोनच कामं झाली तरी वही टाकू नये. उरलेली दहा कामं झाली नाहीत याची खंतही नको. झालेली दोन कोणती होती, तेवढं पाहावं. गाय वेळेत भरली असेल आणि विम्याची पावती फाईलला लागली असेल, तर मोटार दोन दिवस दुकानात पडून राहिली तरी चालतं.